मासळीच्या आतड्यांतली एन्झाइम्स : तळोजा आणि दिवाळे गावात नेमकं काय जमेल?

खाडीकाठ

मासळीच्या कचऱ्यातून एन्झाइम्स (शरीरातल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणारी प्रथिनं) काढून बक्कळ पैसा मिळतो, असे व्हिडिओ हल्ली आमच्या खारघरच्या ग्रुपवर सारखे येतात. विषय खरा आहे. पण त्यात नॉर्वेत काय झालं आणि तळोज्याच्या मासळी-कारखान्यांत काय होऊ शकतं याची सरमिसळ असते. माझं शिक्षण आणि नोकरी दोन्ही प्रथिनांच्या रसायनशास्त्रातली, म्हणून जे पक्कं ठाऊक आहे तेवढं मांडतो. कारखान्यात काम करणारे आणि मासळी विकणारे इथे आहेत, त्यांनी पुढे भर घालावी.

एन्झाइम्स म्हणजे काही तरी प्रयोगशाळेतलं, असं वाटत असेल तर बाजारातल्या दोन गोष्टी आठवा. बर्फ कमी पडला की कोलंबीचं डोकं काळं पडू लागतं. ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमचं काम, सडण्याच्या आधीच सुरू झालेलं. दुसरी तारली. भरपेट खाल्लेली तारली पकडली की काही तासांत तिचं पोट फुटतं. अन्न पचवायला जी प्रथिनभंजक एन्झाइम्स सुटलेली असतात, ती मासा मेल्यावर त्याचंच पोट पचवू लागतात. आपल्याला जे काढायचं आहे ते हेच.

कुठे काय असतं? जठरात पेप्सिन हे प्रथिनभंजक एन्झाइम. जठर संपतं तिथे बऱ्याच माशांत बोटांसारख्या बारीक नळ्यांचा झुपका असतो (बांगड्याचं पोट साफ करताना नीट पाहा, दिसेल), त्यात ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन, तीही प्रथिनभंजकच. कोलंबीचं सगळं भांडार डोक्यात, तिच्या पाचक ग्रंथीत : ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, कायटिनेज, अल्कलाइन फॉस्फेटेज. आणि कोलंबीच्या वजनाचा ४० ते ५० टक्के भाग डोकं आणि सालीत जातो, म्हणजे जे आपण फेकतो तेच.

आता नॉर्वे. तिथे थंड समुद्रातली कोलंबी गोठवून आणतात आणि सोलण्याआधी वितळवतात. ते वितळवलेलं पाणी गटारात जायचं. त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज विरघळलेलं सापडलं आणि त्यावर उद्योग उभा राहिला. डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांचे फॉस्फेट काढायला प्रयोगशाळांत हे एन्झाइम लागतं. आधी वासराच्या आतड्याचं वापरत, पण काम झाल्यावर ते मारणं कठीण. कोलंबीचं ६५ अंशांवर काही मिनिटांत मरतं, पुढच्या पायरीत लुडबुड करत नाही. सगळी किंमत त्या नाजूकपणाची. आइसलँडमध्ये जॉन ब्रागी ब्यारनासन या प्राध्यापकांनी कॉड माशाच्या आतड्यातल्या ट्रिप्सिनवर असंच काम केलं. त्यातून आलेला घशाचा फवारा युरोपात ‘कोल्डझाइम’ नावाने विकला जातो. रशियात कामचाटकाच्या मोठ्या खेकड्याच्या पाचक ग्रंथीतलं कोलॅजेनेज जखमांवरच्या उपचारात वापरलं गेलं.

हे वाचून तळोज्याचं गटार सोन्याचं वाटू लागतं. पण आपला समुद्र गरम आहे. कॉडचं ट्रिप्सिन थंडीत जोमाने काम करतं आणि थोड्या उष्णतेने कोलमडतं. उष्ण कटिबंधातल्या माशांची ट्रिप्सिन्स साधारण ५५ ते ६० अंशांना सगळ्यात जास्त चालतात. थंडीतला नाजूकपणा हाच ज्यांचा गुण, त्या मालाशी बांगडा-सुरमई बरोबरी करणार नाहीत. दुसरं, एकदा जनुक हाती आलं की कोलंबी लागतच नाही. ते फॉस्फेटेज आता मुख्यतः यीस्टकडून करून घेतात.

म्हणून माझं मत : शुद्ध एन्झाइम बाटलीत भरून विकण्याच्या मागे आपण आधी लागू नये. ती जिथे आहेत तिथेच त्यांना कामाला लावावं. कोलंबीच्या सालीतलं प्रथिन सोडवायला कॉस्टिक सोडा उकळतात, ते काम तिच्याच डोक्यातली एन्झाइम्स बऱ्याच अंशी करू शकतात. प्रथिन वाया न जाता हाती येतं आणि लाल रंगद्रव्य, ॲस्टॅझँथिन, त्याच्याबरोबर निघतं. माशांच्या आतड्यांना फॉर्मिक ॲसिड लावलं तर त्यांचं पेप्सिन सगळा लगदा पातळ करतं. त्यातून पशुखाद्य होतं, खत होतं. पुढे जाऊन कोणी शुद्धीकरण केलं तर आनंदच आहे. पण दोन्हींची पहिली अट एकच : माल ताजा आणि वेगळा केलेला हवा.

जयश्री_दिवाळे

दादा, चांगलं लिहिलंत. मी दिवाळे कोळीवाड्यातली, आई अजून बाजारात बसते. तारलीचं पोट फुटतं हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे, आणि फुटलेली तारली सुकवायलाही नीट येत नाही. त्यामागे काय घडतं ते आज कळलं.

पण वेगळं करायचं कोणी? मासळी कापणाऱ्या बायकांसमोर एकच टब असतो. त्यात कल्ले, खवले, आतडी, पित्त, रक्त सगळं एकत्र पडतं आणि दुपारपर्यंत तसंच राहतं. घोळीचं भोत (पोटातली हवेची पिशवी) कधी कचऱ्यात गेलेलं पाहिलंय? होडीवरच अलगद काढून बाजूला ठेवतात, कारण त्याला भाव आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आतड्यांना किलोला काही भाव मिळणार असेल तर बायका दुसरा टब ठेवतील, बर्फही टाकतील. फुकटात जागरूकता शिबिरं घेऊन हे होणार नाही. बर्फाला पैसे लागतात आणि कापणाऱ्या बाईचा हात अडला की गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जातं.

शीतसाखळी

तळोज्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही. खाडीकाठ यांचा ‘वितळवलेलं पाणी’ हा मुद्दा आमच्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. का, ते सविस्तर लिहितो.

एक तर कोलंबी आमच्यापर्यंत येईपर्यंत बरेचदा तिचं डोकं गेलेलं असतं. ते सोलणीच्या शेडवर किंवा बंदराजवळच काढतात. म्हणजे एन्झाइमचं भांडार आमच्या गेटच्या आत येतच नाही. ज्याला डोकी हवीत त्याने शेडवर जावं.

दुसरं, आमच्याकडचं पाणी क्लोरीनचं असतं. क्लोरीन जंतू मारतो तसं प्रथिनांचंही नुकसान करतो. काळे डाग टाळायला सोडियम मेटाबायसल्फाइटची बुडवणी झालेली असते. ती तर एन्झाइम रोखण्यासाठीच केलेली. आणि कोलंबीत पाणी धरून राहावं म्हणून फॉस्फेटच्या द्रावणात भिजवतात. आता गंमत बघा, अल्कलाइन फॉस्फेटेजला अडवणारा पदार्थ म्हणजे फॉस्फेटच. त्यामुळे नॉर्वेचा प्रयोग इथे करायचा तर भिजवणीच्या आधीचं, बिनक्लोरीनचं पाणी वेगळ्या नळीने काढावं लागेल. अशक्य नाही, पण लाइन बांधतानाच ठरवायची गोष्ट आहे.

सुरिमीच्या लोकांकडे उलटी डोकेदुखी आहे. राणी मासा धुऊन त्याचा लगदा करतात. त्यात प्रथिनभंजक एन्झाइम उरलं तर शिजवताना ६० अंशांच्या आसपास जेलची घडी मोडते, माल मऊ पडतो. म्हणून पुन्हा पुन्हा धुतात आणि ते सगळं धुण्याचं पाणी सांडपाणी प्रक्रियेला जातं. विरघळलेल्या प्रथिनाने त्या प्लांटवर केवढा भार येतो ते चालवणाऱ्याला विचारा. आमच्या पट्ट्यात खरी बचत या पाण्यात आहे असं मला वाटतं. त्यातलं प्रथिन गाळून काढलं तर एन्झाइम विकलं नाही तरी कासाडी नदीवरचा ताण कमी होईल.

माकुलाबद्दल एक इशारा. माकुलाच्या आतल्या ग्रंथीत एन्झाइम्स भरपूर असतात, पण तिथेच कॅडमियमही साठतं. तो माल तपासणीशिवाय खाद्यात घालू नका, मग तो पशूंसाठी असो वा माशांसाठी.

पनवेलचा_शेतकरी

फिश ॲसिडचं पाणी भाजीवर मारतो. विकतचं आणतो. घरी करता येईल का? वास किती येतो?

खाडीकाठ

@जयश्री_दिवाळे ताई, भोताचं उदाहरण अगदी योग्य ठिकाणी लागलं. हाच धाग्याचा गाभा आहे. भाव ठरला की वेगळं करणं आपोआप होतं.

@शीतसाखळी, फॉस्फेटचा मुद्दा माझ्या लिखाणात यायला हवा होता. धन्यवाद. त्याला जोडून एवढंच : ते एन्झाइम मोजायच्या आधी पाण्याची डायलिसिस करून (बारीक छिद्रांच्या पडद्यातून क्षार बाहेर जाऊ देऊन) फॉस्फेट काढावं लागेल, नाहीतर चाचणी शून्य दाखवेल आणि माणूस समजेल की त्यात काहीच नाही.

@पनवेलचा_शेतकरी, आम्लाचं सायलेज (आम्ल घालून पातळ केलेला मासळीचा लगदा) घरी होतं, पण ॲसिड जपून हाताळायला हवं. बारीक केलेल्या मासळीत ८५ टक्के तीव्रतेचं फॉर्मिक ॲसिड वजनाच्या साधारण साडेतीन टक्के, म्हणजे १०० किलोला साडेतीन किलो. नीट ढवळून सामू ४ च्या खाली आला पाहिजे, पट्टीने तपासा. पिंप प्लास्टिकचं घ्या, लोखंडी नको. हातमोजे आणि चष्मा हवाच, फॉर्मिक ॲसिडने कातडी जळते आणि वाफ डोळ्यांना झोंबते. आपल्याकडच्या हवेत दोनेक दिवसांत लगदा पातळ होऊ लागतो, रोज ढवळत राहा. पिंप कडक उन्हात ठेवू नका. फार तापलं तर एन्झाइमच मरतं आणि पातळ होणं थांबतं. वास सडक्या मासळीपेक्षा खूप कमी येतो, कारण मासळीच्या वासाचा मोठा वाटा असलेलं ट्रायमिथाइल अमाइन आम्लात क्षाररूपात अडकतं, हवेत सुटत नाही. शेतात मारताना भरपूर पाणी घालून पातळ करा.

एक महत्त्वाची गोष्ट. नुसती डोकी आणि काटे टाकलेत तर ते नीट पातळ होणार नाहीत. पेप्सिन जठरात असतं, आतडी-जठरं सोबत हवीत. आणि पनवेलच्या बाजारात आंध्रातून येणारे रोहू-कटले पुष्कळ दिसतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. त्या माशांना जठरच नसतं, त्यामुळे पेप्सिनही नसतं. रोहूच्या कचऱ्यात बांगडा, शिंगाळा, वाकटी यांची पोटं मिसळा.

आर्या_वाशी

मी एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्यायचा विचार आहे. कॉलेजात साधं सेंट्रिफ्यूज, स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि फ्रीज आहे. क्रोमॅटोग्राफीचं (मिश्रणातली प्रथिनं एकमेकांपासून वेगळी करायचं) काहीच नाही. सर म्हणतात, शुद्धीकरण जमलं नाही तर विषयाला अर्थ नाही. काय करू?

खाडीकाठ

आर्या, विषय सोडू नकोस. जे आहे त्यात उत्तम काम होतं.

बांगडा घे. स्वस्त आहे, आणि जठराच्या टोकाशी असलेला नळ्यांचा झुपका त्यात भरपूर असतो. मासा बर्फात आण, बर्फावरच काप, झुपका काढून थंड पाण्याने हलका धू. त्याला चिकटलेली चरबी हा पहिला अडथळा. तिच्यासाठी ॲसिटोन पावडर कर : ॲसिटोन प्रयोगशाळेच्या, आत ठिणगी न पडणाऱ्या फ्रीझरमध्ये उणे २० पर्यंत थंड करून त्यात झुपका वाटायचा, गाळायचा, पुन्हा थंड ॲसिटोनने धुवायचा आणि गाळणीवर राहिलेलं हवेत सुकवायचं. फिकट, कोरडी भुकटी मिळते, ती फ्रीझरमध्ये टिकते. घरगुती फ्रीजमध्ये ॲसिटोन ठेवू नकोस, आत ठिणगी पडली तर पेट घेतं. वाटणं-सुकवणं फ्यूम हूडखालीच कर.

भुकटी सामू ८ च्या बफरमध्ये भिजव, त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड असू दे, ट्रिप्सिन त्याने टिकून राहतं. बफर आम्लधर्मी अजिबात नको. गाईगुरांचं ट्रिप्सिन आम्लात टिकतं, माशांचं टिकत नाही, आणि पुस्तकातली पद्धत डोळे मिटून वापरणाऱ्यांचं एन्झाइम इथेच जातं. मग सेंट्रिफ्यूज, आणि वरच्या द्रावणात अमोनियम सल्फेट. ३० ते ७० टक्के संपृक्ततेत जो साका बसतो तो घे, डायलिसिस कर.

पहिली चाचणी दुधाची. साय काढलेल्या दुधाची पावडर घालून अगारची प्लेट कर, पांढरी अपारदर्शक होते. त्यात छोटी भोकं पाडून एकात तुझं द्रावण टाक, एकात तेच उकळून थंड केलेलं, एकात नुसता बफर. थोड्या तासांत जिवंत द्रावणाभोवती काचेसारखं स्वच्छ कडं दिसू लागेल, उकळलेल्याभोवती काही नाही. ती प्लेट सरांना दाखव. मोजणीसाठी बीएपीएनए नावाचं सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) मिळतं, ट्रिप्सिनने ते तुटलं की पिवळं होतं, ४१० नॅनोमीटरला वाच. सोयाबीनमधला ट्रिप्सिन इनहिबिटर (ट्रिप्सिनला अडवणारा पदार्थ) घातल्यावर पिवळेपणा थांबला तर ट्रिप्सिन आहे याचा भक्कम पुरावा. ब्रॅडफर्ड नावाच्या रंगचाचणीने प्रथिन मोज. प्रत्येक पायरीला प्रथिनाच्या एका मिलिग्रॅममागे किती क्रिया ते काढलंस की शुद्धीकरणाचा तक्ता तयार.

आणि माझं ऐकशील तर याला एक प्रश्न जोड, जो मला फार मोलाचा वाटतो : मासा कापल्यावर आतडी बर्फात ठेवली, नुसती सावलीत ठेवली, उन्हात ठेवली, तर ठरावीक तासांनी क्रिया किती उरते? जयश्रीताईंना भाव ठरवायला लागणारा आकडा यातूनच येईल. यात क्रोमॅटोग्राफीची गरजच नाही.

वाशीतच सिडकोच्या प्रशासकीय इमारतीत केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं मुंबई संशोधन केंद्र आहे. संस्था मूळ कोचीची, १९५७ सालची. कोलंबीच्या सालीतून मिळणाऱ्या कायटिन-कायटोसानवर त्यांचं काम जुनं आहे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. सरांचं पत्र घेऊन जा.

हिशोबी

सगळं मान्य, पण बाजाराचं बोला. डिटर्जंटला, चामड्याला, प्रथिन तोडायला लागणारी प्रोटिएजेस (प्रथिनभंजक एन्झाइम्स) जिवाणूंपासून टाक्यांमध्ये वाढवून वर्षभर एकसारखी मिळतात. अल्कलेज घ्या, बॅसिलस लायकेनिफॉर्मिसपासून येतं, कुठल्याही मोसमात तोच दर्जा. मासळीचं काय? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जे येतं ते रोज वेगळं. कुठला उद्योजक यात पैसे घालेल?

शीतसाखळी

हिशोबी यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर धाग्याच्या सुरुवातीलाच आहे. बाटलीतलं एन्झाइम विकायला गेलात तर जिवाणूवाल्यांसमोर टिकणार नाही. पण आम्ही कचऱ्यातलं प्रथिन तोडायला तेच अल्कलेज विकत आणणार असू, तर कचऱ्यातलं फुकटचं एन्झाइम आधी वापरून विकतचं कमी लागेल की नाही? आधी आतड्यांच्या स्वतःच्या एन्झाइमला काही तास द्यायचे, मग उरलेल्या कामाला थोडं विकतचं. बंदीच्या काळात विकतचं जास्त घालायचं. शेवटी ८५-९० अंशांना तापवून सगळं थांबवायचं, नाहीतर प्रथिनाचे तुकडे जास्तच बारीक होऊन माल कडू होतो.

बांगडा, तारली, टूनाच्या बाबतीत हिस्टामिन या विषबाधा करणाऱ्या पदार्थावर लक्ष ठेवा. माल उबेत राहिला की जिवाणू ते तयार करतात आणि नंतर कितीही उकळा, जात नाही. म्हणजे इथेही बर्फच.

कोपरखैरणेकर

वाचनखूण साठवली आहे. बाजारामागच्या कचरापेटीच्या वासाने हैराण असलेल्या सोसायटीत राहतो. सायलेजची पिंपं बाजारातच ठेवली तर पेटीपर्यंत आतडी जाणारच नाहीत ना? महापालिकेने जागा दिली तर आमच्यातले काही जण हात लावायला तयार आहेत.

जयश्री_दिवाळे

बाजारात ॲसिडचं पिंप नको. लहान मुलं असतात, पाण्याने ओली जमीन असते. आतडी बर्फाच्या टबात बाजूला, आणि दुपारी कोणीतरी गाडी घेऊन येईल, एवढंच बाजारात असावं. ॲसिड घालायचं ते दुसरीकडे, शिकलेल्या माणसाच्या हाताने.

आईला हा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं असं की पित्त फुटलेलं पोट टबात टाकायचं की नाही ते आधी सांगा, कापताना बरेचदा फुटतं.

खाडीकाठ

आईंचा प्रश्न नेमका आहे. सायलेजला पित्ताने काही बिघडत नाही, टाकू द्या. आर्यासारखं शुद्ध एन्झाइम काढायचं असेल तर फुटलेलं घेऊ नये, पित्ताचा रंग द्रावणात उतरतो आणि ४१० नॅनोमीटरची मोजणी चुकवतो. त्यामुळे आर्यासाठी छोटा डबा वेगळा आणि त्यात फक्त बांगड्याची न फुटलेली पोटं.

आर्या_वाशी

सरांनी होकार दिला! बर्फ, सावली आणि ऊन असे तीन गट घेऊन करायचं ठरलंय. जयश्रीताई, डबा आणि बर्फ मी घेऊन येईन, बांगड्याच्या पोटांचे पैसे तुम्ही सांगाल तो भाव. बाजारात सकाळी किती वाजता आलं तर कापणं सुरू झालेलं असतं?

जयश्री_दिवाळे

आठला ये. गुरुवारी नको, त्या दिवशी गिऱ्हाईक कमी आणि बांगडाही कमी येतो. शुक्रवारी ये, आईच्या पाटीवर.